आई हयात आहे

२०१९ च्या मे महिन्यात मी एका तरुणाच्या फाइलमध्ये इंग्रजीत तीन छोटी वाक्यं लिहिली. मराठीत ती अशी होतील : आईच्या अंत्यविधीला गेलो होतो असं सांगतो. आई हयात आहे. कारण ग्राह्य नाही. एवढं टाइप करून मी बटण दाबलं. त्या बटणासरशी त्याचा बेकारभत्ता थांबला आणि त्याच्या खात्यावर एक डिमेरिट, म्हणजे दोषाचा गुण, चढला. मग मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

या तीन वाक्यांबद्दल मी घरी किंवा मैत्रिणींपाशी कधी बोलले नाही. आज लिहिते आहे.

मी डबोला राहते. सिडनीपासून चारशे किलोमीटर आत, मॅक्वारी नदीच्या काठचं गाव. इथले मूळ लोक विराजुरी, आणि त्यांच्या भाषेत या नदीचं नाव वांबूल. माझं काम रोजगार सेवेत. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून सरकार हे काम स्वतः करत नाही, कंत्राटावर संस्थांना देतं. आमच्याकडे माणूस आला की त्याचा जॉब प्लॅन बनवायचा, त्याला दर पंधरवड्याला बोलवायचं, नोकरीला लावायचं. ती नोकरी चार आठवडे टिकली की संस्थेला पैसे मिळतात, बारा आठवडे टिकली की आणखी, सव्वीस टिकली की आणखी. आणि बोलावून माणूस आला नाही तर त्याचं कारण योग्य होतं की नव्हतं, हे ठरवायचा पहिला अधिकार टेबलाच्या या बाजूला बसलेल्या बाईचा. २०१८ च्या जुलैपासून जी शिस्तीची नवी चौकट आली, तिच्यात रंगांचे टप्पे होते आणि डिमेरिट होते. पाच झाले की दंडाचा टप्पा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी आमच्या ऑफिसातली सगळ्यात नीटनेटकी कर्मचारी होते. माझी एकही फाइल अर्धवट नसायची.

माझ्या यादीतली जवळजवळ निम्मी माणसं अ‍ॅबोरिजिनल होती. काही डबोचीच विराजुरी, काही वरच्या नद्यांकाठच्या गावांतून, वॉलगेट, ब्रेवॉरिना, बर्क इथून आलेली. त्यांच्यासाठी वेगळं काही करायला हवं, हे मला मान्य नव्हतं. नियम सगळ्यांना सारखे, ही माझी न्यायाची कल्पना होती आणि तिच्यावर माझी श्रद्धा होती. मी दोन बॅगा आणि एक बाळ घेऊन या देशात आले. पहिली दोन वर्षं वृद्धाश्रमात पहाटेच्या पाळीला म्हाताऱ्यांच्या चादरी बदलल्या. आपल्यावरही इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलंच की, मग आम्हाला कोणी समजून घेण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं का, असं मी नवऱ्याला तावातावाने विचारत असे. सांस्कृतिक जाणिवेचा एक ऑनलाइन कोर्स ऑफिसने सगळ्यांना सक्तीचा केला होता. मी तो जेवणाच्या सुट्टीत पाऊण तासात उरकला. दहापैकी दहा गुण आणि एक प्रमाणपत्र. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तर तो मुलगा. सव्वीस वर्षांचा, मूळचा ब्रेवॉरिनाचा, डबोत नातेवाइकांकडे राहत होता. दोन अपॉइंटमेंट चुकवून तिसऱ्या खेपेला आला. मी विचारलं, का आला नाहीत? तो गप्प. मी पुन्हा विचारलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, अंत्यविधी होता. कोणाचा? बराच वेळ गेला. मग एकच शब्द : मम. मी स्क्रीनवर बघितलं. तातडीच्या संपर्कासाठी त्याने ज्या बाईचा नंबर दिला होता ती त्याची आई होती, आणि तीनच आठवड्यांपूर्वी मी स्वतः तिच्याशी फोनवर बोलले होते. मला खोटं पकडल्याचं समाधान झालं, हे लिहायला मला फार जड जातं आहे. पण तसंच झालं होतं. मी त्याला काही बोलले नाही. तो गेल्यावर लिहिलं.

आमच्याकडे एक अ‍ॅबोरिजिनल मेंटर होत्या, साठीच्या. आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणायचो. इथे अ‍ॅबोरिजिनल समाजात वडीलधाऱ्या माणसाला आंटी किंवा अंकल म्हणणं हा मान आहे, नातं असो वा नसो. दोन दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून माझ्या समोर न बसता शेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या पोराची मम गेली, आणि तू लिहिलंस ती जिवंत आहे." मी म्हटलं, "आंटी, मी बोललेय तिच्याशी." त्या म्हणाल्या, "ती जन्म देणारी. ही तिची मोठी बहीण. पोराला वाढवलं हिने. आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच."

मी मराठी आहे. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण मी कितव्या वर्षी ऐकली तेही मला आठवत नाही, इतकी ती अंगात आहे. माझी स्वतःची मोठी मावशी २०१८ साली गेली. आई दवाखान्यात असताना मला आठ महिने तिनेच सांभाळलं होतं. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. रजेचा अर्ज उघडला तर नात्यांच्या यादीत मावशीच नव्हती. इथल्या कायद्यात जवळच्या माणसाच्या मृत्यूला दोन दिवसांची रजा मिळते. जवळचं माणूस म्हणजे जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं. मावशी त्यात बसत नाही. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. या लोकांना मावशी म्हणजे काय ते कळतच नाही, असं मी आईला फोनवर म्हणाले. त्याला वर्षही झालं नव्हतं.

आंटी उठून गेल्या. खरं तर त्या क्षणी माझं मन बदललं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मला आधी राग आला. त्याने सरळ मावशी म्हणून का नाही सांगितलं? आठवडा गेला, मी नोंद तशीच ठेवली. स्थगित झालेला भत्ता माणूस परत हजर झाला की मागच्या दिवसांसकट मिळतो, तेव्हा त्याचं फारसं नुकसान नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण घराचं भाडं आणि गाडीचं पेट्रोल मागच्या तारखेने देता येत नाही. तो पुन्हा ब्रेवॉरिनाला गेला तेव्हा परत यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून तो तिथेच राहिला, म्हणून पुढची अपॉइंटमेंट चुकली, म्हणून दुसरा डिमेरिट. मग त्याची फाइल दुसऱ्या ऑफिसकडे गेली. माझ्या यादीतून एक नाव कमी झालं, एवढंच.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्हाला एक दिवसाच्या कार्यशाळेला पाठवलं. एक वयस्क विराजुरी बाई बोलायला होत्या. मी शेवटच्या रांगेत बसून ईमेल बघत होते. त्या आपल्या आईविषयी सांगत होत्या. १९०९ साली या राज्यात एक कायदा झाला. त्याने अ‍ॅबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड नावाच्या मंडळाला अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांवर सत्ता दिली, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी ती इतकी वाढली की मुलांना आईवडिलांपासून काढून नेता येऊ लागलं. मुलींसाठी कूटामंड्रा इथे एक गृह होतं. तिथे त्यांना झाडणं, धुणं, स्वयंपाक शिकवायचे आणि चौदा-पंधरा वर्षांच्या झाल्या की मेंढ्या पाळणाऱ्या जमीनदारांच्या मोठ्या वाड्यांवर मोलकरीण म्हणून कामाला लावायचे. पगाराचा मोठा भाग मुलीच्या हातात पडत नसे, तो मंडळाच्या ताब्यातल्या खात्यात जाई. तिला वरखर्चाला काही नाणी. त्या बाईंची आई सहा वर्षं राबली आणि आपल्या पैशांबद्दल तिने मंडळाला पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ते मंडळ, पुढे नाव बदलून, १९६९ पर्यंत होतं. या शतकात राज्य सरकारने ते पैसे परत करायची योजना आणली, तोवर ती आई नव्हती.

हे सांगताना बाई एकदाही चिडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तेव्हाही एक फाइल होती. तेव्हाही कोणीतरी टेबलामागे बसून ठरवत होतं, ही खरं बोलते की खोटं." मी फोन खाली ठेवला.

मुलीला कामाला लावणं. आम्हीही लोकांना कामाला लावतो. माझी खुर्ची माझ्याआधीपासून तिथे होती, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी परदेशी, मी काळी-सावळी, मी नवी. या जुन्या हिशेबाशी माझा काय संबंध, असं मी धरून चालले होते. समोरच्या मुलाला मात्र मी कुठून आले हे महत्त्वाचं नव्हतं. त्याला टेबल दिसत होतं, त्यावरची स्क्रीन दिसत होती, आणि त्याच्या आजीच्या पिढीपासून त्या घरात ठाऊक होतं की अशा टेबलाशी बोललेला प्रत्येक शब्द लिहून घेतला जातो आणि पुढे आपल्यावरच वापरला जातो. अशा ठिकाणी माणूस आईचं नाव, मृत्यू, दुःख कशाला उलगडून सांगेल? शिवाय गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, निदान काही काळ, ही रीत कित्येक अ‍ॅबोरिजिनल समाजांत आहे. आणि मी त्याला तीनदा विचारलं होतं, कोणाचा? माझ्या आजीने आयुष्यात एकदाही आजोबांचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. मतदारयादी करायला आलेल्या मास्तरांनी नवऱ्याचं नाव विचारलं की ती पदर तोंडाला लावून आत जायची आणि आम्हा पोरांना पाठवायची. मास्तरांनी कधी ‘माहिती लपवते’ असं लिहिलं नाही.

ऑफिसला जाताना मी रोज विल्यम फर्ग्युसन यांच्या पुतळ्यावरून जायचे. एकदाही पाटी वाचली नव्हती. कार्यशाळेनंतर थांबून वाचली, मग वाचनालयातून पुस्तकं आणली. फर्ग्युसन मेंढ्यांची लोकर कातरणारे कामगार होते, कामगार संघटनेतले. १९३७ साली त्यांनी याच डबोत अ‍ॅबोरिजिन्स प्रोग्रेसिव्ह असोसिएशन उभी केली, आणि २६ जानेवारी १९३८ ला, गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षं सगळा देश साजरी करत असताना, जॅक पॅटन आणि इतरांबरोबर सिडनीत शोकदिन पाळला. मागणी होती पूर्ण नागरिकत्वाची आणि त्या मंडळाला मूठमाती देण्याची. म्हणजे या लोकांना कामाची सवय लावायला हवी, असं जिथे बसून मी म्हणत होते, त्या गावात कामगारांचा एवढा मोठा पुढारी होऊन गेला होता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. वही केली. डोळ्यांत बघू नये. सरळ प्रश्न विचारू नयेत. हळू बोलावं. शांतता मोडू नये. गेलेल्याचं नाव घेऊ नये. वही पाठ केली, जशी आधी नियमावली पाठ केली होती. एक दिवस पन्नाशीची एक विराजुरी बाई आली. मी वहीबरहुकूम तिच्या खांद्याकडे बघत, शब्द मोजून, अगदी सावकाश बोलायला लागले. दोन मिनिटं तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू माझ्याकडे बघत का नाहीस? मी काही केलंय का?" ती वीस वर्षं हिशेबनीस होती, तिची संस्था बंद पडली होती. तिला नव्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा कोर्स हवा होता, एवढंच. गोरे आले तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. सासू-जावयाने एकमेकांसमोर येऊ नये हा उत्तरेकडच्या काही समाजांतला कडक नियम डबोतल्या शाळामास्तरला लावणं, म्हणजे कोकणातल्या माणसाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडांचे रीतिरिवाज विचारण्यासारखं. मी त्या बाईची माफी मागितली. वही घरी नेली.

आंटींना मी विचारलं, मग करायचं काय? त्या म्हणाल्या, "आधी सांग तू कुठली." मला कळलं नाही. त्यांनी समजावलं की आमच्यात दोन माणसं भेटली की आधी हे होतं : तुझी माणसं कोण, तुझा मुलूख कुठला. मग बाकीचं. तू फाइल उघडून बसतेस, त्याचं सगळं तुला ठाऊक, तुझं त्याला काहीच ठाऊक नाही.

हे मला जमण्यासारखं होतं, कारण आमच्याकडेही असंच असतं. एस.टी.त शेजारी बसलेली बाई दहा मिनिटांत गाव, माहेर, देवक इथपर्यंत येते. मी सांगायला लागले. कृष्णाकाठचं गाव, घाट, नदीला पूर आला की आम्ही कुठे जायचो, आजी, मावशी. नदीकाठची माणसं नदीचं ऐकून खुलायची. बर्कच्या एका आजोबांनी मला अर्धा तास डार्लिंग नदीचे पूर सांगितले. त्या दिवशी जॉब प्लॅन झाला नाही. पुढच्या खेपेला मात्र ते आपण होऊन म्हणाले की पाहणीच्या कामात, रस्ताबांधणीच्या आधी जुन्या जागा ओळखायच्या कामात ते नातवाला घेऊन जाऊ शकतील. असा पर्याय माझ्या यादीत नव्हता.

‘हो’ या शब्दाबद्दलही मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. माझे प्रश्न सगळे ‘ना’मध्ये संपायचे. समजलं ना? जमेल ना? पहाटेची पाळी चालेल ना? उत्तर यायचं, हो. मी टिक करायचे. आणि माणूस कामावर जायचा नाही. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अ‍ॅबोरिजिनल लोक बोलतात त्या इंग्रजीचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९२ साली त्यांनी वकिलांसाठी एक पुस्तिकाच लिहिली. अधिकारी माणसाने असा प्रश्न टाकला की येणारं ‘हो’ बऱ्याचदा होकार नसतं. हे बोलणं लवकर संपू दे, मला त्रास देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि शांतता म्हणजे नकार किंवा लपवाछपवी नव्हे; माणूस विचार करत असतो. हे वाचताना मला एकदम माझे वडील आठवले.

वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. सचोटीचे. कोणाचा चहासुद्धा घेत नसत. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायची. कचेरीच्या आवारात लिंबाखाली डवरी गोसावी, वैदू अशी माणसं बायकामुलांसह बसलेली असायची. पोरांच्या शाळेसाठी जातीचा दाखला हवा असायचा. भटक्या विमुक्तांना त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राहण्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचं गावच नाही त्यांनी कुठल्या गावचा पुरावा आणायचा? वडील समजावून सांगायचे, कागद आणा, कागद असेल तर काम होईल, समजलं ना? माणसं म्हणायची, व्हय सायेब. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा लिंबाखाली. वडील घरी येऊन हळहळत म्हणायचे, किती वेळा सांगितलं तरी या लोकांना समजत नाही. मला ते खरं वाटायचं. वडिलांवर माझं फार प्रेम आहे आणि ते आता नाहीत, म्हणून हे लिहायला वेळ लागला. पण माझी न्यायाची कल्पना त्या कचेरीतून आली होती, आणि लिंबाखालची माणसं मी विसरले होते.

डबोतही कागदच आडवा येतो. जन्माची नोंदच नसलेली माणसं माझ्याकडे येतात. घरात वीस वर्षांपूर्वी कोणीतरी फॉर्म भरला नाही, कारण फॉर्म भरला की मूल सरकारच्या नजरेत येतं ही भीती आजीच्या काळापासून होती. जन्मदाखला नाही म्हणून ओळखपत्र नाही, म्हणून बँक नाही, लायसन्स नाही. लायसन्सचं तर वेगळंच. या राज्यात पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला अनुभवी लायसन्सधारकाला शेजारी बसवून १२० तास गाडी चालवल्याची वहीत नोंद करावी लागते. माझ्या मुलाचे १२० तास आम्ही दोघांनी हौसेने भरून दिले, वीकेंडला ऑरेंज गावापर्यंत जाऊन. ज्या घरात कोणाकडेच लायसन्स नाही, चालू गाडी नाही, तिथे हे १२० तास कोण देणार? मग पोरगं तसंच गाडी काढतं, दंड होतो, दंड थकतो, पुन्हा पकडलं की कोर्ट. आणि माझ्या स्क्रीनवर असतं : मांसकारखाना, पहाटेची पाळी, स्वतःचं वाहन आवश्यक. थकलेले दंड समुपदेशन, शिक्षण किंवा बिनपगारी कामातून फेडायची एक सोय या राज्यात आहे, वर्क अँड डेव्हलपमेंट ऑर्डर. ती मला २०१९ पर्यंत माहीत नव्हती. नियम तोंडपाठ असलेल्या बाईला माणसाच्या उपयोगाचा नियम माहीत नव्हता.

२०२० च्या वसंतात मी नवऱ्याबरोबर ब्रेवॉरिनाला गेले. बार्वन नदीच्या पात्रात तिथे मासे अडवायचे दगडी बांध आहेत, शेकडो वर्तुळं आणि कमानी, पाण्याची पातळी वर-खाली झाली तरी कुठेतरी मासा अडकेल अशी मांडणी. किती जुने ते नक्की सांगता येत नाही इतके जुने. हा न्गेम्बा लोकांचा मुलूख. कुठल्या कुटुंबाने कुठला भाग राखायचा हे ठरलेलं होतं, आणि मासे धरायच्या मोसमात दूरदूरचे समाज इथे एकत्र यायचे. दगड वाहून गेले की पुन्हा रचायचे, पिढ्यान्‌पिढ्या. मी काठावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या मुलाच्या फाइलमधला एक रकाना होता, मीच भरलेला. कामाचा अनुभव : नाही. आंटींनी नंतर सांगितलं की तो शाळेपासून काकांबरोबर त्या बांधांची निगा राखायला जायचा.

त्याच वर्षी कोरोनामुळे सरकारने काही महिने अटी स्थगित केल्या आणि भत्त्यात पंधरवड्याला ५५० डॉलरची भर घातली. धाक गेला की माणसं झोपून राहतील, असं मी पूर्वी शपथेवर सांगितलं असतं. माझ्या यादीतल्या एकाने गाडीला टायर घेतले, एकीने दात काढून घेतले, दोघांनी दंड फेडले. आणि फोन न करता कितीतरी जण नुसतेच मला भेटायला, खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

मी बदलले म्हणून काही यंत्रणा बदलली नाही. २०२२ च्या जुलैपासून नाव बदललं, डिमेरिट राहिले, महिन्याला शंभर गुणांची नवी पद्धत आली. अजूनही मला बटण दाबावं लागतं. फक्त कारण योग्य की अयोग्य हे ठरवण्याआधी मी आंटींना, आणि त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या तरुण मुलाला, विचारल्याशिवाय काही करत नाही. दर आठवड्याला अंत्यविधी कसे असतात हो तुमच्या यादीतल्या लोकांचे, असं एका नव्या सहकाऱ्याने मला विचारलं, पूर्वी मी विचारायचे त्याच स्वरात. मी त्याला सांगितलं की अ‍ॅबोरिजिनल माणसाचं आयुष्य सरासरी इतरांपेक्षा आठेक वर्षांनी लवकर संपतं, आणि नात्याचा गोतावळा आपल्या भावकीहून मोठा असतो. मग अंत्यविधी जास्त होणार नाहीत तर काय?

२०२३ च्या गणपतीत आमच्याकडे जेवायला वीसेक मराठी माणसं होती. महिन्याभराने सार्वमत होतं, मूळ रहिवाशांना संसदेला सल्ला देणारं व्यासपीठ घटनेने द्यावं की नाही. कोणीतरी म्हणालं, आपल्याला काय कोणी फुकट दिलं? ते माझंच जुनं वाक्य होतं. मी पानावरून उठले आणि मावशीच्या रजेची गोष्ट सांगितली, त्या नोंदीची नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी नव्हतं. १४ ऑक्टोबरला साठ टक्के मतं विरोधात पडली. सोमवारी ऑफिसात कोणी त्याबद्दल बोललं नाही. आंटी कामाला येऊन गेल्या, नेहमीसारख्या, दुपारपर्यंत.

तो मुलगा २०२१ च्या फेब्रुवारीत परत माझ्याच यादीत आला. मी नाव बघितलं आणि अपॉइंटमेंट बाहेरच्या बाकावर ठेवली, झाडाखाली. लॅपटॉप बंद ठेवून मी त्याला सांगितलं की मी काय लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. आमच्या प्रणालीतली जुनी नोंद पुसता येत नाही, खाली नवी जोडता येते फक्त. ती मी जोडली होती : त्याची आई वारली होती, जिने त्याला वाढवलं ती, अंत्यविधीला जाणं त्याचं कर्तव्य होतं, आधीची नोंद माझी चूक आहे. ती मी त्याला वाचून दाखवली. त्याने काही म्हटलं नाही. रस्त्यावरून एक मेंढ्यांचा ट्रक गेला, मग दुसरा. मी थांबले.

मग त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले, दंडाच्या नोटिसा, सात होत्या. "हे काम करून फेडता येतं म्हणतात," तो म्हणाला. "तो फॉर्म आहे का तुमच्याकडे?"

मी आत जाऊन फॉर्म घेऊन आले आणि आम्ही पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली.